पाटीची मागची बाजू

१

अक्काच्या टेबलावर पाटी सापडली, तेव्हा ती अजून ओली होती.

सगळे घाबरले ते त्यामुळेच. वाळलेली पाटी कुणी कधी आणून ठेवली, हे कोण सांगणार? पण हाताला गार लागणारी, बोट टेकवलं तर दबणारी मातीची पाटी म्हणजे लिहिणारा नुकताच उठून गेलेला. त्यात लिपी-संग्रहालयाचं दार त्या सकाळी लोकांसाठी उघडलंही नव्हतं. आत होती ती सगळी घरचीच माणसं.

अक्का तिथली जोडणीवाली. जमिनीतून निघालेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या पाट्या कधी अख्ख्या सापडत नाहीत. त्यांचे तुकडे जुळवायचे, साफ करायचे आणि पाटी पुन्हा वाचता येईल अशी उभी करायची, यात तिचा जन्म गेला होता. मागच्या आठवड्यात संग्रहालयाचे संचालक तळघरातल्या भांडाराच्या जिन्यावरून पडून गेले आणि सगळा कारभार तिच्या गळ्यात आला. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून टाकलं. त्या दिवशी संचालकांच्या टेबलाखालीही मातीचा एक गोळा सापडला होता, पण तो पायदळी जाऊन त्याचा चिखल झाला होता. त्याचा विचार कुणी केला नाही.

ओली पाटी पाहिल्यावर अक्काने धाकट्या भावाला फोन केला.

भाऊ हस्ताक्षर तपासनीस होता. खोट्या सह्या आणि निनावी चिठ्ठ्या ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोर्टात त्याच्या शब्दाला वजन होतं. बाकी आयुष्यात मात्र स्वारी कमालीची घाबरट. पालीला घाबरायचा, लिफ्टला घाबरायचा, फोन अचानक वाजला तरी दचकायचा. अक्का त्याला लहानपणापासून भागूबाई म्हणायची आणि चारचौघांतही म्हणायला कमी करायची नाही.

"ये भागूबाई," तो खोलीत येताच ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "हे बघ. कुणीतरी मला मारणार आहे."

पाटी तळहातात मावेल एवढी होती. वर अक्षरं नव्हती, चित्रं होती. माणसाने पहिल्यांदा लिहिलं ते असंच. बैल लिहायचा तर बैलाचं डोकं काढायचं, पाणी लिहायचं तर लाटा. ही चित्रं कार्यशाळेच्या भिंतीवर तक्त्यात टांगलेली होती, त्यामुळे कुणालाही येण्यासारखी होती. पुढच्या बाजूला एक पाऊल, त्याखाली पायऱ्या, त्याखाली आडवं पडलेलं डोकं.

"हे संचालकांचं," अक्का म्हणाली. "मागे माझं आहे." आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तपासनिसाने पाटी उलटली. सगळ्यात वर एक डोकं होतं, पण उलटं. मान वर आणि कपाळ खाली. त्याखाली पालथ्या पायऱ्या, मग एक पाटी आणि सगळ्यात खाली लोंबणारा हात. कुणीतरी वरून डोक्यावर आपटत होतं.

"कशासाठी मारेल कुणी तुला?"

"दुवापाटीसाठी," ती म्हणाली. "उद्या ती माझ्या हातात यायची आहे."

२

दुवापाटी म्हणजे त्या संग्रहालयाचं दैवत. तिच्या एका बाजूला चित्रं आहेत आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर खिळ्यांच्या आकाराच्या खुणांत. चित्रांची अक्षरं कशी होत गेली, तो दुवा एकाच पाटीवर सापडलेला. संग्रहालयातल्या प्राध्यापकांनी ती तरुणपणी शोधून आणली, वाचली आणि त्या एका पाटीवर जगभर नाव कमावलं. तेव्हापासून ती पितळी चौकटीत बसलेली होती. तिला हात लावायची मुभा कुणालाच नव्हती, अक्कालाही नाही. मरणाच्या आदल्या दिवशी संचालकांनी ती मुभा दिली होती. 'चौकट काढून साफ कर, आणि ती खरंच तेवढी जुनी आहे का, ते मला एकट्याला सांग,' असं ते म्हणाले होते.

त्या सकाळी आत अक्काखेरीज तिघं होती. तपासनिसाने एकेकाला गाठलं.

चित्रकार वरच्या मजल्यावर बसायचा. पाट्यांच्या फोटोंवरून पुस्तकांसाठी रेखाटनं काढायची, हे त्याचं काम. तो बोलका होता आणि त्याच्या बाह्यांना कायम शाई लागलेली असायची. त्याने पाटी हातात घेतली, पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटली आणि शिट्टी वाजवली.

"बाप रे! उलटं डोकं? आणि चित्रं तर माझ्याच तक्त्यातली! म्हणजे साहेब, आता बळीचा बकरा मीच ना?"

"तुम्ही लिहिलीत?"

"मातीत? अहो, खऱ्या पाटीला शिवूही देत नाहीत मला. अक्का हातावर पट्टी मारतील. माझा सगळा संसार कागदावर." मग त्याचा आवाज उतरला. "संचालकांचं सांगू? त्या दिवशी मला धप्पकन आवाज आला होता. मला वाटलं, खोकं पडलं. मी उठलोच नाही. तेव्हापासून झोप नाही मला."

सुलेखनबाई कार्यशाळेत पाहुण्यांना बोरू, कुंचला आणि ओल्या मातीत लिहायला शिकवायच्या. माती त्यांच्याच पिंपातली होती, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. पिंपाला झाकण असलं तरी कुलूप नव्हतं.

"कुणी उजवीकडून लिहितं, कुणी डावीकडून, कुणी वरून खाली," बोरू पुसता पुसता त्या म्हणाल्या. "नांगराला जुंपलेल्या बैलासारखं एक ओळ इकडून, एक तिकडून लिहिणारेही होऊन गेले. लिपी विसरता येते हो, पण हाताचं वळण सुटत नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

त्यांनी पाटी घेतली, त्याच पानासारख्या रीतीने उलटली आणि उलटं डोकं दिसताच चटका बसल्यासारखी टेबलावर टाकली. त्यांचे डोळे भरून आले. "अक्कांना घरी न्या. मी हात जोडते, आजच न्या."

प्राध्यापक आपल्या खोलीत खिडकीजवळ उभे होते. उंच, देखणे, दोन्ही हात कोटाच्या खिशात. तपासनिसाने पाटी पुढे केली तरी त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.

"ठेवा तिथे. पोरखेळ आहे," ते म्हणाले. "खरा लेखनिक बोरूचं टोक मातीत दाबतो. इथे पेन्सिलीने ओढाव्यात तशा रेघा ओढल्या आहेत. कागदावर चित्रं काढणाऱ्या माणसाचं काम हे. मी नाव घेणार नाही."

"संचालकांशी तुमचं काही बिनसलं होतं?"

"माझं? मेंढ्या आणि धान्य मोजायला माणूस लिहू लागला, तिथपासून आजवरचा सगळा इतिहास आम्ही दोघांनी मिळून इथे मांडला, साहेब." ते हसले. "माझं ऐका. अक्कांना थोडी रजा घेऊ द्या. दुवापाटी कुठे पळून जात नाही."

जिवाला जपा, असंच सगळे सांगत होते. तपासनिसालाही तेच हवं होतं. मधल्या वेळेत सगळ्यांनी कार्यशाळेत उभ्या उभ्या चहा घेतला, आणि अक्काला कसं समजवावं याचा विचार करत त्याने खुंटीवरचा आपला कोट चढवला. रुमालासाठी खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी गार आणि लिबलिबीत लागलं.

ओल्या मातीचा चपटा गोळा होता तो. त्यावर एकच चित्र होतं. डोकं.

३

तो अक्काच्या खोलीत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्याची त्याला लाज वाटली नाही; लाज वाटायला मनात जागाच उरली नव्हती.

"चल घरी. आत्ताच्या आत्ता. पाटी गेली खड्ड्यात."

"बस जरा. पाणी पी."

"अगं, कुणीतरी माझ्या खिशात हात घातला! मी चहा पीत होतो आणि तो माणूस माझ्या खिशात..."

"म्हणजे तू बरोबर माणसांना बरोबर प्रश्न विचारलेस," अक्का म्हणाली. तीही खुर्ची ओढून बसली. "घाबरले नाही असं समजू नकोस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण संचालक पाय घसरून पडणारे नव्हते. हा माणूस तीस वर्षं त्या जिन्यावर वावरलेला. आज मी घरी बसले तर त्यांचं मरण अपघात म्हणून फायलीत पडणार, आणि मला ढकलायला त्याला दुसरा जिना शोधावा लागेल, इतकंच."

तपासनिसाने कपाळ पुसलं. आपल्याला नेहमीच्या कामाने धीर येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने पाटी पुन्हा समोर ओढली.

"हा उलट्या डोक्याचा अर्थ काय? लटकवून मारणार असा?"

"उलटं कुठाय?"

"हे काय." त्याने पाटी उलटून दाखवली.

"अरे, पुस्तक आहे का ते?" अक्काने पाटी त्याच्या हातून घेतली, पुढची बाजू वर धरली आणि खालची कड उचलून भाकरी उलथावी तशी वर फिरवली. "मातीची पाटी अशी उलटतात. पानासारखी आडवी नाही. जुने लेखनिक असंच करायचे, म्हणून आम्हीही असंच करतो. बघ."

डोकं सरळ झालं होतं. आता सगळ्यात वर हात होता, त्याखाली पाटी, मग पायऱ्या आणि शेवटी डोकं. ज्या हाताने पाटी धराल, त्याच्या डोक्याची गाठ पायऱ्यांशी. धमकी आता साधी आणि स्पष्ट होती. लोंबणं नाही, आपटणं नाही. लिहिणाऱ्याने काहीच उलटं काढलं नव्हतं. त्याने फक्त पाटी आपल्या सवयीने उलटली होती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "चित्रकाराने आणि सुलेखनबाईंनी ती पानासारखी उलटली. दोघंही त्या डोक्याला दचकले."

"दचकणारच. तो फोटोंवरून काढतो, दोन्ही बाजू आधीच सरळ करून दिलेल्या असतात. आणि बाईंच्या वर्गात पाहुणे एकाच बाजूला आपलं नाव लिहितात आणि घरी नेतात."

"मग अशी उलटणारं इथे कोण?"

"मी." तिने पाटी खाली ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आणि प्राध्यापक."

तपासनिसाचं लक्ष मात्र पहिल्या शब्दावरच अडकलं होतं. मी. भांडाराची किल्ली तिच्याकडे. संचालक गेल्यावर खुर्ची तिला. पाटी तिच्याच टेबलावर सापडली आणि सापडली तीही तिलाच. अशी हजार प्रकरणं त्याने पाहिली होती, जिथे निनावी चिठ्ठी ज्याला आली त्यानेच ती लिहिलेली असते. त्याला तिच्याकडे बघवेना.

अक्काने ते ओळखलं. ती किल्ली घेऊन उठली आणि जाता जाता म्हणाली, "उद्याची वाट कशाला बघू? खाली भांडारात जाऊन दुवापाटीची चौकट आत्ताच काढते. तू तुझं काम कर."

४

पाटी समोर होती आणि ती बघायची हिंमत होत नव्हती. भिंग हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच बसला.

लहान पाटी लेखनिक टेबलावर ठेवत नाही. एका हातात धरतो, दुसऱ्याने लिहितो. म्हणजे धरणाऱ्या हाताचा अंगठा ओल्या कडेत रुतून तिथे खळगा पडणार. अक्का डावखुरी. लहानपणी शाईत बरबटलेल्या डाव्या पंज्यापायी तिने किती बोलणी खाल्ली, ते त्याने शेजारी बसून ऐकलं होतं. ती लिहील तर पाटी उजव्या हातात धरील. खळगा उजव्या कडेला असेल तर त्याची बहीण खुनी होती.

डोळे मिटून त्याने पाटी सरळ धरली आणि मग उघडले.

खळगा डाव्या कडेला होता.

त्याला हसू फुटलं आणि रडूही. त्याने आपली बहीण क्षणभर का होईना खुनी ठरवली होती, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मग भिंग खळग्यावर आणलं.

खळग्यातून एक तिरकी रेघ गेली होती. ती त्याने सकाळीही पाहिली होती. माती वाळताना चिरते, तशी चीर असेल म्हणून त्याने सोडून दिली होती. आता त्याला स्वतःचा राग आला. वाळताना चिरते. पण सकाळी पाटी ओली होती! ओल्या मातीला चीर कशी पडेल? ती चीर मातीची नव्हतीच. अंगठ्यावर जुन्या जखमेचा व्रण होता आणि त्याचा ठसा मातीने घेतला होता.

दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलेला माणूस त्याला आठवला. आणि मग आठवलं की अक्का खाली एकटी गेली आहे.

५

भांडाराच्या जिन्यावरून तो भिंतीला धरून उतरला. खाली जुन्या वस्तूंना उजेड बाधू नये म्हणून दिवे आपोआप चालायचे. माणूस हलला की लागायचे, हलायचा थांबला की विझायचे.

"अक्का?"

ती तिथे नव्हती. कपाटांच्या रांगा होत्या, मधे लांब टेबल होतं आणि टेबलावर मऊ कापडावर दुवापाटी. पितळी चौकट सोडवून बाजूला ठेवलेली. ब्रश नव्हते, पाण्याचं भांडं नव्हतं. ती तेच आणायला वर गेली असेल, असं त्याने स्वतःला बजावलं. दुसरं काही बजावायची त्याची तयारी नव्हती.

त्याने दुवापाटीवर भिंग धरलं. चौकटीखाली इतकी वर्षं झाकलेली डावी कड उघडी पडली होती. तिच्यात एक खळगा होता. जुन्या पाट्यांवर लेखनिकांचे अंगठे सापडतात, त्यात नवल नव्हतं.

खळग्यातून एक तिरकी रेघ गेली होती.

त्याने खिशातली धमकीची पाटी काढून शेजारी ठेवली. तीच तिरपी रेघ, वरच्या टोकाला तसाच बारीक फाटा. पाच हजार वर्षांपूर्वीचा अंगठा आणि आज सकाळचा अंगठा, दोन्ही एकाच माणसाचे.

तो श्वास रोखून बघत राहिला. इतका स्तब्ध, की दिवे विझले.

मिट्ट काळोख झाला. त्याचे पाय लाकडासारखे झाले होते, बोट हलवायचीही ताकद नव्हती.

आणि मग दिवे लागले. तो हललाच नव्हता.

"वाचता आलं वाटतं तुम्हाला," मागून प्राध्यापकांचा आवाज आला.

६

ते कपाटाच्या कडेला उभे होते. हात आता खिशाबाहेर होते.

"बहीण कुठाय माझी?" तपासनिसाचा आवाज चिरकला.

"वर असेल. येईल ना. मी तिचीच वाट बघतोय."

"दुवापाटी तुम्हीच केलीत."

"केली," ते शांतपणे म्हणाले. "तसा दुवा असायलाच हवा होता. चित्रांतून अक्षर झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणाला ते एका पाटीवर सापडत नव्हतं. मी ते लिहून दिलं. अंगठाही मुद्दाम ठेवला, खऱ्या पाट्यांवर असतो म्हणून. तेव्हा ही जखम ताजी होती. नंतर ध्यानात आलं आणि मी चौकट करून घेतली."

"आणि संचालक?"

"त्यांनी पाटी तपासायची ठरवली. त्यांना तेव्हाही मातीवर लिहून इशारा दिला होता मी, त्यांनी हसून पायाखाली घातला. जिन्यावर मी त्यांना विनवत होतो. बोलता बोलता दोघंही गप्प उभे राहिलो आणि दिवे गेले." त्यांनी वरच्या दिव्याकडे पाहिलं. "अंधारात माणसाला काय वाटेल ते करता येतं."

"मातीवर का? कागदावर का नाही?"

"अक्कांचा भाऊ कागदावरचं अक्षर ओळखतो, हे इथे कुणाला ठाऊक नाही? ओबडधोबड चित्रं काढली, रेघा मुद्दाम ओढल्या. मातीत तुम्ही काय ओळखणार होतात?"

त्यांनी हात पुढे केला. अंगठ्यावरचा पांढरा व्रण दिव्यात चमकला. तपासनिसाने धमकीची पाटी घट्ट छातीशी धरली, पण दुवापाटी टेबलावरच होती. प्राध्यापकांनी ती उचलली, एकदा तळहातावर तोलली आणि सगळ्या ताकदीने फरशीवर आपटली.

तेवढ्यात वरून अक्काचा आवाज आला. "कोण आहे रे खाली?" ती जिन्याच्या माथ्यावर उभी होती, दोन्ही हातांत पाण्याचं भांडं. प्राध्यापक वळले आणि जिन्याकडे धावले.

तपासनीस त्यांच्या मागे धावला, असं सांगायला आवडलं असतं. तो धावला नाही. त्याचे पाय जागचे हललेच नाहीत. पण भित्र्या माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते. पालीला पाहून, लिफ्टमध्ये अडकून, स्वप्नात दचकून आयुष्यभर जी कमावली, ती सगळी किंकाळी त्याने एकदम फोडली. "अक्का, पळ! खुनी! खुनी!" तळघर दणाणलं. चित्रकार या खेपेला मात्र बसून राहिला नाही. तो तीरासारखा जिन्यावर आला, मागोमाग सुलेखनबाई, त्यांच्यामागे दारावरचा पहारेकरी. अक्काने पाण्याचं भांडं प्राध्यापकांच्या अंगावर ओतलं आणि पहारेकऱ्याने त्यांना अर्ध्या जिन्यावरच धरलं. त्यांनी फारशी झटापट केली नाही. ते खाली विखुरलेल्या तुकड्यांकडे बघत होते.

पोलीस त्यांना घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तो अक्काच्या खोलीत आला, तेव्हा ती दुवापाटीचे तुकडे कापडावर मांडून बसली होती. चुऱ्यातून एकेक खपली चिमट्याने उचलत होती.

"खोटी आहे ती," तो म्हणाला. "आणि तिच्यापायी तू मरणार होतीस. कशाला जोडतेस?"

"प्राध्यापकांनी कालचं सगळं नाकारलंय. वकील आलाय त्यांचा. धमकीच्या पाटीवरचा अंगठा एकटा काय सांगेल? थट्टा केली म्हणतील. पण तोच अंगठा या पाटीवर दिसला, तर संचालकांना कुणी आणि का ढकललं, ते कळेल. त्यांचा गुन्हा त्यांनी फक्त या पाटीवर लिहून ठेवलाय, दुसरीकडे कुठेही नाही." तिने दोन तुकडे डिंक लावून एकमेकांना जोडले आणि त्याच्या हातात दिले. "धर असं. घट्ट नको, पण सोडायचं नाही."

व्रणाचा अर्धा भाग एका तुकड्यावर होता, अर्धा दुसऱ्यावर. सांधा बरोबर बसला होता.

अक्काने चष्मा काढून टेबलावर ठेवला. संचालक गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता ती ओक्साबोक्शी रडू लागली, खांदे गदगदत होते, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं भावाला फार वाटलं. पण डिंक अजून वाळायचा होता. तो दोन्ही हातांत ते तुकडे धरून तसाच बसून राहिला.